घोडीचा खरारा: लोखंडी की रबरी? साहित्य कोणतं घ्यावं आणि कसं राखावं?

मावळवाट
नमस्कार मंडळी. कामशेतजवळच्या आमच्या शेतावर दिवाळीनंतर एक काठेवाडी घोडी आणली आहे. रंग कुमैत (लालसर तपकिरी), वय सहा वर्षं, स्वभाव शांत. मुलांना घोड्यावर बसायला शिकवायचं आणि सकाळी रपेट मारायची, एवढाच हेतू. विकणाऱ्यांनी सोबत एक लोखंडी खरारा (घोड्याचं अंग घासायचं दातेरी साधन) आणि करंजाच्या तेलाची बाटली दिली आणि सांगितलं, "रोज सकाळी हा फिरवा, घोडी आरशासारखी होईल."

पण हा खरारा हातात घेतला की दात चांगलेच बोचतात, आणि पोटाजवळ नेला की घोडी कान मागे टाकते. ऑनलाइन पाहिलं तर दहा-दहा वस्तूंचे रंगीबेरंगी संच दिसतात. त्यातलं खरोखर लागतं काय? लोखंडी खरारा वापरावा की ठेवून द्यावा? आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने काही म्हणजे काही वाळत नाही, तेव्हा ब्रश कसे टिकवता? शेजाऱ्यांचाही एक घोडा आहे, दोघांत मिळून एकच संच घ्यावा असं ते म्हणतायत. अनुभवी लोकांनी मोकळेपणाने लिहा.

तापीकाठ
अभिनंदन! घरात घोडं आलं म्हणजे लक्ष्मी आली.

मी शहादा भागातला. आमच्या घरी तीन पिढ्या घोडी आहेत, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात आमची दावण असतेच. लोखंडी खरारा वाईट नाही, तो चालवायचा हात वाईट असू शकतो. नवा खरारा आणला की त्याच्या दातांना धार असते. लोहार पत्रा कापतो आणि तसाच देतो. आधी कानस घेऊन प्रत्येक दाताचं टोक गोल करायचं, मग स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघायचं. तिथे ओरखडा उठला तर घोड्यालाही उठणार. आमचे वडील हे केल्याशिवाय नवा खरारा दावणीवर येऊ देत नसत.

आणि फिरवायचा फक्त जिथे मांस आहे तिथे: मानेची बाजू, खांदा, पुठ्ठा (मागचा मांसल भाग). मनगट सैल ठेवायचं, जोर अंगाचा नाही. पाठीचा कणा, कमरेची हाडं, गुडघ्याखालचे पाय, तोंड आणि पोट, इथे लोखंड न्यायचंच नाही. तुमची घोडी पोटाजवळ कान मागे टाकते म्हणजे ती बरोबर सांगतेय.

खूरवैद्य
मी पशुवैद्य आहे, मराठवाड्यात काम करतो. तापीकाठ यांनी सांगितलेली काळजी योग्यच आहे, पण मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन की काठेवाडी घोडीच्या अंगाला लोखंड लावूच नका. या जातीची कातडी पातळ, केस बारीक आणि आखूड. दाट, लांब केसांच्या घोड्यावर दात केसांतच अडतात, इथे ते थेट कातडीवर येतात. डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि बुरशी-जंतूंना वाट मिळते. गजकर्णाची जी घोडी माझ्याकडे येतात त्यांचे चट्टे बरेचदा खोगिराखाली, तंगाच्या (खोगीर पोटाखालून आवळायच्या पट्ट्याच्या) जागी आणि जिथे खरारा जास्त फिरतो तिथे असतात.

लोखंडी खराऱ्याचं खरं काम ब्रश साफ करणं. डाव्या हातात खरारा, उजव्या हातात ब्रश. अंगावर ब्रशचे चार-पाच हात मारले की ब्रश खराऱ्याच्या दातांवरून ओढायचा, सगळी धूळ आणि कोंडा खराऱ्यात येतो. मग खरारा जमिनीवर आपटून रिकामा करायचा. म्हणजे विक्रेत्याने दिलेली वस्तू फेकायची गरज नाही. तिचं काम बदला.

घोडीच्या अंगासाठी रबरी खरारा घ्या. गोलगोल फिरवायचा, खालची धूळ आणि गळालेले केस वर येतात आणि घोडीला चोळल्यासारखं बरं वाटतं.

टापांचा_आवाज
+१ रबरीला. आमचा घोडा रबरी खरारा दिसला की वरचा ओठ लांब करून उभा राहतो. मानेच्या मुळाशी चोळलं की शेजारी जो कोणी उभा असेल त्याचा खांदा तो कुरतडायला लागतो. आमच्या मोतद्दाराचे (घोड्याची निगा राखणाऱ्याचे) दोन शर्ट त्या प्रेमात गेलेत!

तापीकाठ
@खूरवैद्य, डॉक्टरसाहेब, मान राखून विचारतो. हिवाळ्यात घोड्याचे केस वाढतात, वर चिखल सुकून पापुद्रा झालेला असतो, तेव्हा रबरी खरारा नुसता घसरतो. बाजाराच्या आधी पंधरा दिवस आम्ही रोज तास-तास मेहनत करतो. गिऱ्हाईक आधी देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला केसांचा भोवरा) बघतं, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरं) आहे का बघतं, पण हात फिरवतं ते अंगावर. ती चमक रबराने येईल का?

खूरवैद्य
चमक खराऱ्याने येतच नाही. खरारा फक्त घाण सोडवतो. चमक येते ती आखूड, दाट, मऊ केसांच्या ब्रशने, आणि पोटातून. कातडीत ज्या ग्रंथी आहेत त्यांचं तेल प्रत्येक केसाच्या टोकापर्यंत पोचवणं हे ब्रशचं काम. जंत झालेल्या, दाणा कमी पडलेल्या घोड्याला दिवसभर घासलं तरी तो निस्तेजच दिसतो.

सुकलेल्या चिखलासाठी लांब, कडक केसांचा ब्रश असतो. तो केसांच्या दिशेने मारायचा आणि प्रत्येक हाताच्या शेवटी मनगटाला झटका द्यायचा, म्हणजे धूळ हवेत उडते, पुन्हा अंगात बसत नाही. चिखल ओला असताना मात्र ब्रश लावू नका. वाळू द्या. ओल्या चिखलावर ब्रश फिरवला की माती कातडीपर्यंत जाऊन बसते.

लाल_धूळ
माथेरानहून. आमच्याकडे गाड्यांना बंदी, म्हणून पर्यटक घोड्यावर. इथली लाल माती ज्याने बघितली त्याला कळेल. उन्हाळ्यात पांढरं घोडं संध्याकाळी विटकरी होऊन तबेल्यात येतं.

आमची पद्धत सांगतो. आल्या आल्या खोगीर काढायचं आणि आधी गोणपाटाच्या तुकड्याने घाम टिपायचा. गोणपाट भारी वस्तू आहे. किंमत काही नाही, घाम शोषतं, थोडं खरखरीत असल्यानं धूळही निघते, आणि खराब झालं की फेकून द्यायचं. तंगाच्या जागी तर त्याच्याशिवाय चालतच नाही. घामाचं मीठ आणि मातीचे कण तिथे राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यावरच तंग आवळला, की जखम. मग घोडं आठ-दहा दिवस बसून आणि घरखर्चही बसून.

ज्यांचं पोट घोड्यावर आहे त्यांच्याकडे दहा ब्रशचा संच नसतो, पण तंगाची जागा आणि खूर ते रोज बघतात. ताई, तुम्हीही ते दोन आधी शिका, चमक नंतर.

मावळवाट
लाल_धूळ दादा, खूप आभार. खुरांबद्दल जरा सविस्तर सांगाल का? विकणाऱ्याने खुरांसाठी काहीच दिलं नाही.

लाल_धूळ
लोखंडी आकडा लागतो, बोटाएवढा जाड, टोक वाकवलेलं आणि बोथट. आमच्याकडे लोहार जुन्या सळईचा बनवून देतो. टोकदार घेऊ नका.

पाय उचलताना खांद्यापासून हात खाली सरकवत न्यायचा, म्हणजे घोडीला कळतं. खूर हातात आला की टाचेकडून पुढच्या टोकाकडे आकडा ओढायचा, उलटा कधीच नाही. खुराच्या मधे त्रिकोणी, रबरासारखा मऊ भाग असतो, त्याच्यावर आकडा चालवायचा नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना खोल चरे असतात, खडा तिथेच अडकतो. आमच्या जांभ्या दगडाचे वाटाण्याएवढे खडे तर असे रुततात की वरून दिसतही नाहीत, आकडा लागला की टक्क असा आवाज येतो. मग हळू उकरायचा. शेवटी छोट्या कडक ब्रशने झाडून नाकाजवळ न्या. कुजका वास आला आणि चऱ्यांत काळं ओलं दिसलं तर खूर सडायला लागलाय, डॉक्टरांना बोलवा. पावसाळ्यात हे फार होतं.

नाल आहे का घोडीला? असेल तर रोज आकडा फिरवताना नाल बोटांनी हलवून बघा. खिळा वर आलेला तिथेच कळतो.

पानगळ_लँकेशायर
मी गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये राहते आणि शनिवार-रविवार एका तबेल्यात कामाला जाते. इथली एक सवय सांगते, मावळवाट यांच्या शेवटच्या प्रश्नासाठी. इथे प्रत्येक घोड्याची स्वतःची पेटी असते, त्यावर त्याचं नाव, आणि प्रत्येक पेटीतल्या वस्तूंना एकाच रंगाची चिकटपट्टी. हिरव्या पट्टीचा ब्रश निळ्या पेटीत सापडला तर ज्याने ठेवला त्याला पूर्ण पेटी धुवावी लागते.

सुरुवातीला मला हे अती वाटायचं. मग आमच्या तबेल्यात एका घोड्याला स्ट्रँगल्स झाला. जबड्याखालच्या गाठी सुजतात, फुटतात, नाकातून पू येतो. जंतूंमुळे होणारा रोग, आणि पसरतो बादल्या, लगाम, स्पंज, माणसांचे हात यांतून. तबेला बंद ठेवावा लागला, कुणाचा घोडा आत नाही, कुणाचा बाहेर नाही. त्यानंतर त्या चिकटपट्ट्यांचं महत्त्व मला कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही.

शेजाऱ्यांशी संबंध गोड ठेवायचे तर गूळ वाटा, ब्रश वाटू नका 🙂

शिलेदार_नगर
अवांतर लिहितो, पण विषयाला लागून आहे. मराठ्यांच्या फौजेत शिलेदाराचं घोडं आणि हत्यार स्वतःचं, तर बारगिराला दोन्ही सरकारी पागेतून मिळायचं. माझ्या मते घोडं स्वतःचं असलं की निगा आपोआप होते. पागेतल्या घोड्याला निगराणी आणि शिस्त लागते. म्हणून मावळवाट, मुलांना घोडीवर बसवण्याआधी त्यांच्या हाती खरारा द्या. घोडी "आपली" व्हायला तोच रस्ता आहे.

मोगरा_अंगणात
हे फार पटलं. पुण्यात माझी मुलगी जिथे घोडेस्वारी शिकते तिथेही हाच नियम, आधी अर्धा तास खरारा, मग खोगीर. मुलं पाठीमागून जात नाहीत, हात ठेवून कडेने जातात, घोड्याचा कान कुठे वळलाय ते बघायला शिकतात. खोगिरावर बसून हे शिकता येत नाही.

घुंगूरमाळ
आमची लग्नाच्या वरातीची घोडी आहे, नुकरी. पांढऱ्या घोडीचं दुखणं वेगळं: शेणाचे पिवळे डाग. लोक डिटर्जंट लावतात, काही जण तर नीळ. कृपया असं करू नका. डिटर्जंटने अंगाचं तेल निघून जातं, कातडी कोरडी पडते, कोंडा सुटतो आणि घोडी खांबाला अंग घासत बसते. आम्ही डाग ताजा असतानाच ओल्या फडक्याने पुसतो, रात्री खाली भरपूर कोरडं तूस टाकतो. डागच कमी पडतात.

आणि वरातीच्या झुलेला आरसे, टिकल्या, जरी असते. आतलं अस्तर सुती आणि जाड असेल तरच झूल घाला. वरात संपली की झूल काढून खांद्यावर, छातीवर हात फिरवून बघायचं. झूल कुठे घासलीय ते हाताला गरम लागतं.

खूरवैद्य
घुंगूरमाळ यांचा शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे. कोणतंही साहित्य हातात घेण्याआधी मोकळा हात सगळ्या अंगावरून फिरवा. गाठ, गरमपणा, गोचीड, सूज, काटा, हे बोटांना आधी कळतं. गोचिडी बसतात आयाळीच्या मुळाशी, कानात, शेपटीखाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिथे ब्रश सहसा पोचत नाही तिथेच.

केशरी_फेटा
शेपटीचा विषय निघालाच आहे तर विचारतो. आमचा घोडा शेपटीचं मूळ भिंतीला घासून घासून केस घालवून बसलाय. बारीक दातांची फणी आणली, रोज विंचरतो, तेल लावतो, तरी वाढत नाही. कोणती फणी चांगली?

टापांचा_आवाज
फणी बाजूला ठेवा, दादा. शेपटीचा एक केस तुटला तर तो पूर्ण लांबीचा व्हायला काही वर्षं जातात. बोटांनी सोडवा, खालच्या टोकापासून सुरुवात करून वर जा. गाठ असेल तर थोडं खोबरेल लावून बोटांनी मोकळी करा. आणि उभे राहा बाजूला, शेपूट आपल्याकडे ओढून घ्या, थेट मागे नको.

खूरवैद्य
@केशरी_फेटा, फणी बदलून हे थांबणार नाही. घोडं शेपूट घासतं त्याला कारण असतं. गुदद्वाराजवळ अंडी घालणारे बारीक जंत, बारीक चिलटांच्या चावण्याची खाज, किंवा घोडी असेल तर सडांच्या मधे साचलेला मळ. घोडा असेल तर लिंगाच्या आवरणातला मळ. तिसरं कारण लोकांना सुचतच नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या सुती फडक्याने ते हळूच साफ करा, साबण नको. जंतांसाठी मात्र जवळच्या डॉक्टरांना दाखवा, या जंतांची तपासणी शेणातून नीट होत नाही, शेपटीखालच्या कातडीला चिकटपट्टी लावून करतात.

केशरी_फेटा
चिकटपट्टीने! हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. उद्याच बोलावतो डॉक्टरांना.

भीमेकाठचा
इथे भीमथडी घोड्यांचं नाव यायला हवं म्हणून लिहितो. आमच्या पाहुण्यांचा धनगरांचा वाडा (मेंढरांसोबत फिरणारा तळ) दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतो. सगळा संसार घोड्यांच्या पाठीवर: भांडी, अंथरुणं, कोकरं, कधी तान्ही पोरंसुद्धा. ही दख्खनची घोडी अंगाने लहान, पण चिवट. आता त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यताही मिळाली आहे, याचा फार आनंद आहे.

वाड्यावर रबरी, लोखंडी काही नसतं. मुक्कामाला ओझं उतरलं की आजी हाताने पाठ चोळते, मूठभर वाळलेल्या गवताची वळी करून त्याने अंग पुसते, आणि पाठीवर ओझ्याचा घट्टा कुठे पडलाय ते बघते. दुसऱ्या दिवशी घोंगडीची घडी त्या जागेला मोकळी ठेवून घालतात. एवढं साधं, पण पाठ फुटलेलं घोडं मी त्यांच्याकडे क्वचितच बघितलं.

तापीकाठ
भीमेकाठचा दादा, गवताच्या वळीचं तुम्ही लिहिलं आणि वडील आठवले. ते म्हणायचे, घोड्याला थकवा आला की ब्रश नको, वळी घे. मानेवर आणि पुठ्ठ्यावर थापटत चोळायची, रक्त फिरतं.

डॉक्टरसाहेब, तुमचं लोखंडाबद्दलचं म्हणणं मी आमच्या दावणीवर करून बघतोय. दोन काठेवाडी घोड्या रबरीवर ठेवल्यात. एक गोष्ट कबूल करायला हवी, आधी तंग आवळताना चावायला यायची ती घोडी आता शांत उभी राहते. पण जाड केसांच्या पंजाबी घोड्याला थंडीत मी लोखंडीच वापरणार, कानस मारलेला!

खूरवैद्य
दाट केस, मांसल जागा, गोल केलेले दात आणि हलका हात असेल तर माझी हरकत नाही. वाद मिटला 🙂

आता साहित्य राखण्याबद्दल, कारण मूळ धाग्यात ते विचारलं होतं आणि आपण सगळे भलतीकडे गेलो.

रोज काम झालं की ब्रश खराऱ्यावर घासून कोरडाच साफ करा. आठवड्यातून एकदा धुवा, कोमट पाणी आणि सौम्य शॅम्पू. लाकडी पाठीचा ब्रश बादलीत बुडवून ठेवू नका, फक्त केस पाण्यात जातील इतकाच धरा. लाकूड पाणी प्यालं की फुगतं, वाळताना तडकतं आणि केसांचे झुबके सुटायला लागतात. चामडी पाठ असेल तर त्याहून जास्त जपा. धुतल्यावर झटकून केस खालच्या बाजूला करून सावलीत, वाऱ्यावर ठेवा. केस वर करून ठेवलात तर सगळं पाणी मुळांत उतरतं आणि तिथे बुरशी धरते.

घोड्याला गजकर्ण झालं असेल तर नियम बदलतात. त्या बुरशीचे बीजाणू ब्रशमध्ये, खोगिराच्या अस्तरात, दारांच्या लाकडात महिनोन्‌महिने जिवंत राहतात. घोडा बरा होतो आणि त्याच ब्रशने त्याला पुन्हा लागण होते. लाकडी आणि चामडी ब्रश सरळ जाळून टाका. रबर, प्लास्टिक, लोखंड आधी साबणाने घासून केस आणि तेलकटपणा पूर्ण काढा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवा आणि स्वच्छ पाण्याने खळबळून घ्या. घाण तशीच ठेवून ब्लीचमध्ये टाकलं तर ब्लीचची ताकद त्या घाणीतच संपते. आणि हातमोजे घाला, गजकर्ण माणसालाही होतं, मुलांना लवकर होतं.

मोगरा_अंगणात
डॉक्टर, स्पंजचं काय? आमच्याकडे एकच स्पंज डोळे, नाक, मागचं अंग सगळीकडे फिरतो, ते बघून मला कसंतरीच होतं.

खूरवैद्य
तुम्हाला वाटतं ते बरोबर आहे. एक डोळ्यांना, एक नाकाला, एक मागच्या अंगाला, तीन वेगळे हवेत. त्यापेक्षा सोपं म्हणजे जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे तुकडे. तीन रंगांचे घ्या. वापरून झाले की उकळत्या पाण्यात टाका आणि उन्हात वाळवा. स्पंज उकळून टिकत नाही आणि आतून कधी वाळत नाही.

लाल_धूळ
पावसाळ्याचं मी सांगतो, कारण आमच्याकडे पाऊस म्हणजे काय ते विचारू नका. धुणंच कमी करायचं. ब्रश कोरडा झाडायचा, चुलीच्या खोलीत दोरीला टांगायचा, चुलीच्या अगदी वर नाही, जरा बाजूला. बंद डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला की दोन दिवसांत पांढरी बुरशी. जाळीची टोपली चांगली. लोखंडी खरारा आणि आकडा कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात द्यायचा, नाहीतर गंज.

पावसात बाहेर उभं राहणाऱ्या घोड्याला मऊ ब्रशने रोज फार घासू नका. अंगातलं तेलच त्याला पावसात वाचवतं. चिखल झाडा, खूर बघा, तंगाची जागा साफ करा. बास.

खूरवैद्य
अगदी खरं. त्यात एक भर घालतो. पावसाळ्यात पाठीवर, पुठ्ठ्यावर खपल्या येतात, खपली निघाली की केसांचा झुपकाच तिच्यासोबत येतो. ही बुरशी नाही, एक जंतू आहे, तो ओल्या कातडीत वाढतो. खपल्या ब्रशने ओरबाडू नका, दुखतं आणि पसरतं. घोडं कोरड्यात बांधा, डॉक्टरांना दाखवा, त्याचे ब्रश वेगळे करा.

पानगळ_लँकेशायर
उन्हाळ्यासाठी एक. रपेटीनंतर घोडी घामाने निथळत असेल तर अंगावर गार पाणी ओतत राहा, सावलीत. पाणी निथळवायची जी पट्टी मिळते ती लगेच फिरवण्याची घाई नको, श्वास शांत होईपर्यंत ओततच राहायचं. अंग गार झाल्यावर शेवटी पट्टी फिरवा आणि गोणपाटाने पुसा. पट्टी हाडांवरून नेऊ नका.

मावळवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुठे एकत्र वाचायला मिळालं नसतं. ठरवलं ते सांगते: अंगाला रबरी खरारा, लांब कडक केसांचा एक ब्रश, मऊ दाट केसांचा एक, लोहाराकडून खुरांचा आकडा, तीन रंगांची सुती फडकी, गोणपाट. लोखंडी खराऱ्याला कानस मारून तो ब्रश साफ करायला. फणी घेत नाही. मुलांना आजपासून हात फिरवून गोचीड शोधायचं काम दिलंय, मोठ्या उत्साहाने करतायत.

एकच अडचण उरली. शेजाऱ्यांना "वेगळं साहित्य" म्हटल्यावर वाईट वाटलं. त्यांचा घोडा चांगला धडधाकट आहे, तुम्ही फार मनावर घेता, असं त्यांचं म्हणणं.

खूरवैद्य
त्यांना ग्लँडर्सबद्दल सांगा. हे मी घाबरवायला लिहीत नाही. घोडे, खेचरं, गाढवं यांना होणारा हा जीवघेणा रोग माणसालाही होतो. कायद्याने तो कळवणं बंधनकारक आहे, आणि घोडा बाधित निघाला तर त्याला मारावंच लागतं, उपचार करू दिले जात नाहीत. नाकातला स्राव, कातडीवरच्या फुटलेल्या गाठींतला पू, सामाईक पाण्याची टाकी, सामाईक खरारा, यांतून तो पसरतो. आणि घोडा बरेच दिवस वरून धडधाकट दिसू शकतो. म्हणूनच बाजारात, प्रदर्शनात घोडा न्यायचा तर रक्ततपासणीचा दाखला मागतात. देशात या तपासणीचं मुख्य काम हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होतं. तुमची घोडी घेताना दाखला मिळाला होता का? नसेल तर दोन्ही घोड्यांचं रक्त एकदमच तपासायला द्या. शेजाऱ्यांना वेगळं काढल्यासारखंही वाटणार नाही.

मावळवाट
दाखला आहे, पण जुना आहे. दोघांचं रक्त एकत्र द्यायचं हे उत्तम, तसंच बोलते.

तापीकाठ
ताई, आणि शेजाऱ्यांना दुसरा संच भेट द्या. रबरी खरारा आणि एक ब्रश काही महाग नाही. वरून त्यांच्या घोड्याचं नाव लोखंडाच्या तापवलेल्या तारेने लाकडावर डागून द्या, आम्ही दावणीवर तसंच करतो. नावाचा ब्रश कुणी उसना मागत नाही.

मावळवाट
हे फार आवडलं! नाव "बादल" आहे. लाकडी पाठीचा ब्रश कुठे चांगला मिळेल? ऑनलाइनचे सगळे प्लास्टिकचे दिसतायत आणि नायलॉनचे केस थंडीत अंगावर चटचट आवाज करतात, घोडी दचकते.

टापांचा_आवाज
नायलॉनला कोरड्या हवेत वीज धरते, त्याचाच तो आवाज, आणि धूळही उलट अंगाला चिकटते. नैसर्गिक केसांचाच बघा. घेताना तळहातावर दाबून बघा, केस वाकून परत सरळ व्हायला हवेत. मग दोन-चार केस चिमटीत धरून हलकेच ओढा, निघाले तर घेऊ नका.

तापीकाठ
सारंगखेड्याला या. बाजारात खोगीर-लगामवाल्यांची रांगच लागते, काथ्याचे कडक ब्रश, लाकडी पाठीचे मऊ ब्रश, सगळं हातात घेऊन बघता येतं. एकमुखी दत्ताचं दर्शनही होईल. घोडी मात्र घरीच ठेवा, तपासणीचा नवा दाखला हातात येईपर्यंत.